पोट साफ करण्याची घाई

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आशा स्वयंसेविका यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या आरोग्य प्रबोधन शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. ती स्वाभाविकच होती. शौचाविषयी चारचौघांत बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. आणि गंमत अशी की, घरातील वडीलधाऱ्या मंडळींचा दिवस ह्याच विषयाने सुरू होतो. 'आज पोट साफ झाले का?' हा प्रश्न आपल्या समाजात कुशलप्रश्नाच्या पंक्तीत जाऊन बसला आहे. उत्तर नकारार्थी आले, की घरातील प्रत्येक जण एकेक उपाय सुचवितो आणि पोटाचा धनी ते सर्व करून पाहतो. एकाहून अधिक रेचके एकत्र किंवा लागोपाठ घेतल्याने काय होते, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. कला शाखेचा पदवीधर असून माहिती खात्यात नोकरी करतो. जे सांगणार आहे ते येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेतले आहे. तरीही कोठे चुकलो, तर ते शेजारीच बसले आहेत. त्यांनी मला थांबवावे.

ह्या विषयाकडे मी पुस्तकांतून वळलो नाही. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय चौऱ्याहत्तर. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढविणारी एक गोळी चालू होती. मागील पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तीन-चार दिवस पेज व चहा ह्यांपलीकडे पोटात काही गेले नाही. साहजिकच शौचासही झाले नाही. पोटात काही गेलेच नाही तर बाहेर काय येणार, हा हिशेब आयुष्यभर मुलांना गणित शिकविणाऱ्या माणसाला सुचू नये, ह्याचे मला आजही नवल वाटते. गुरुवारी रात्री त्यांनी दुकानातून आणलेले लॅक्टुलोजचे पातळ औषध घेतले. शुक्रवारी सकाळी गुण आला नाही, म्हणून दुपारी शेजाऱ्यांनी दिलेले चूर्ण घेतले. रात्री जुलाबाची पिवळी गोळी, तीही कपभर गरम दुधाबरोबर. शनिवारी पहाटे चहातून एरंडेल. शनिवारी दुपारपर्यंत त्यांना अकरा वेळा जावे लागले आणि सायंकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर ते कोसळले.

रुग्णालयात नेल्यावर रक्त तपासले. पोटॅशियमचे प्रमाण लिटरला साडेतीन ते पाच मिलिइक्विव्हॅलंट असावे लागते, ते २.६ भरले. हृदयाच्या आलेखातही फरक दिसत होता. शिरेतून सलाइन व पोटॅशियम देत, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवत, चार दिवस काढावे लागले. डॉक्टरांनी आईला विचारले, 'ह्यांनी काय काय औषधे घेतली होती?' आई म्हणाली, 'औषध असे काहीच नाही हो. पोटाचे तेवढे घेतले.'

आईचे हे उत्तर मी आजही विसरलेलो नाही. रेचक हे औषध आहे, असे आपण मानतच नाही. दोन दुखण्यांच्या गोळ्या एकदम घ्याव्यात का, हे विचारायला आपण डॉक्टरकडे जातो. पण चार रेचके एकापाठोपाठ घेताना कोणाला विचारावेसे वाटत नाही.

आता वडिलांच्या बाबतीत नेमके काय घडले ते पाहू. प्रत्येक रेचकाचे स्वतःचे एक घड्याळ असते. लॅक्टुलोज ही शरीरात न शोषली जाणारी शर्करा आहे. मोठ्या आतड्यातील जिवाणू तिचे विघटन करतात आणि मग तेथे पाणी ओढले जाते. ह्याला एक ते दोन दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. इसबगोल पाणी शोषून फुगतो व मळाला आकारमान देतो. त्याचा गुण यायला अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांपर्यंत अवधी जातो. सोनामुखी, म्हणजे चूर्णांतील नेहमीचा घटक, सहा ते बारा तासांनी काम करते. तिच्यातील द्रव्यावर मोठ्या आतड्यातील जिवाणूंचा संस्कार झाल्यावाचून ती जागी होत नाही. म्हणूनच रात्री घेतलेल्या चूर्णाचा परिणाम सकाळी दिसतो. बिसॅकोडिलच्या, म्हणजे त्या पिवळ्या गोळीच्या, परिणामालाही सुमारे तेवढाच वेळ लागतो. एरंडेल मात्र दोन ते सहा तासांत परिणाम करते.

आता वडिलांचे वेळापत्रक पुन्हा तपासा. गुरुवारी रात्रीचे औषध 'लागू पडले नाही' असे शुक्रवारी सकाळी ठरले, तेव्हा त्या औषधाची वेळच झाली नव्हती. मग चूर्ण, मग गोळी, मग तेल. प्रत्येक वेळी आधीचे औषध निष्फळ ठरले असे समजून नवे घेतले गेले, आणि शनिवारी सकाळी ती चारही औषधे हातात हात घालून एकाच वेळी कामाला लागली. एसटी वेळेवर आली नाही म्हणून जीप ठरवावी, जीपही दिसत नाही म्हणून रिक्षा बोलवावी, आणि शेवटी तिन्ही वाहने एकदम दारात उभी राहावीत, तसे झाले. फरक इतकाच की, वाहने परत पाठविता येतात.

दुसरा धोका नावांचा. औषधे वेगळ्या नावांनी येतात, पण आतला पदार्थ एकच असतो. पोट साफ करणाऱ्या पुष्कळशा चूर्णांत सोनामुखी असते, आणि ॲलोपॅथीच्या दुकानात सेनोसाइड्स नावाने मिळणारी गोळीही सोनामुखीचीच. 'एक आयुर्वेदिक घेतले, एक इंग्रजी घेतले' अशी समजूत असणाऱ्याने प्रत्यक्षात एकच औषध दुप्पट घेतलेले असते. उलट प्रकारही आहे. बाजारातील काही पातळ औषधांत मिल्क ऑफ मॅग्नेशिया, लिक्विड पॅराफिन आणि सोडियम पिकोसल्फेट अशी तीन द्रव्ये एकाच बाटलीत असतात. ती बाटली घेणाऱ्याने झाकण उघडतानाच तीन रेचके एकत्र केलेली असतात. त्यावर चूर्ण घेतले तर ते चौथे. बाटलीवरील बारीक अक्षर वाचण्याची सवय आपल्याला नाही. शिक्षकबंधूंनी एखादा तास त्यासाठी द्यावा असे मला वाटते. आठवीच्या मुलाला घटकांची यादी वाचता आली, तर आजोबांचा चष्मा सापडेपर्यंत थांबावे लागणार नाही.

'झाडपाल्याचे औषध आहे, त्याने अपाय होत नाही' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते आयुर्वेदाच्या नावाने सांगितले जाते, पण आयुर्वेदाला ते मान्य नाही. शार्ङ्गधरसंहितेत मळ बाहेर काढणाऱ्या द्रव्यांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अनुलोमन, स्रंसन, भेदन आणि रेचन. पहिल्याचे उदाहरण हिरडा, दुसऱ्याचे बहावा, तिसऱ्याचे कुटकी आणि चौथ्याचे निशोत्तर. सौम्यापासून तीव्रापर्यंत अशी ही उतरंड आहे. चारही गाडगी एकदम डोक्यावर घ्यावीत असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. शिवाय मृदू, मध्य व क्रूर असे कोठ्याचे तीन प्रकार पाहून मात्रा ठरवायची, विरेचनापूर्वी स्नेहन-स्वेदन करायचे आणि नंतर पेया, विलेपी असा क्रमाने आहार वाढवीत न्यायचा. इतक्या पथ्याने जे करावे असे शास्त्र सांगते, ते आपण चहाच्या कपात उरकतो. जमालगोट्याची गोष्ट तर बोलूच नये. त्याचे तेल विषारी आहे आणि त्याचा घरगुती प्रयोग कोणीही, कोणत्याही कारणाने करू नये. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरडा वेचणारे आदिवासी बांधव ते फळ जाणकारीने ओळखतात. ते घेणाऱ्याने निदान त्याचे प्रमाण तरी जाणावे.

तिसरी गोष्ट दुधाची. आपल्याकडे रात्रीचे औषध गरम दुधाबरोबर घेण्याची प्रथा आहे. बिसॅकोडिलच्या गोळीवर एक विशेष आवरण असते. ती जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी, ह्यासाठी ते दिलेले असते. दूध किंवा आम्लपित्तावरची औषधे जठरातील आम्लता कमी करतात. त्यामुळे आवरण आधीच विरघळते आणि पोटात कळा व मळमळ सुरू होते. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे रेचक आहे, तसेच आम्लपित्ताचेही औषध आहे. म्हणून ते आणि ही गोळी एकदम घेतली, तर एक रेचक दुसऱ्याचे कवच काढून घेते. ही गोळी पाण्याबरोबर, न चावता, न फोडता घ्यावी. दूध वा आम्लनाशक औषध आणि ती गोळी ह्यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे. इसबगोलाची बाब वेगळी. त्याला भरपूर पाणी हवे. कोरडा किंवा थोड्याशा पाण्याबरोबर घेतला, तर तो अन्ननलिकेत वा आतड्यात फुगून वाट अडवू शकतो. इतर औषधे त्याच्यात अडकून नीट शोषली जात नाहीत, म्हणून त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचे अंतर असावे.

आता शरीरात होणाऱ्या नुकसानाविषयी. जुलाबावाटे केवळ पाणी जात नाही. सोडियम आणि पोटॅशियमही जातात. पोटॅशियम उतरले की स्नायू दुबळे होतात, पायांत गोळे येतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. लघवी वाढविणाऱ्या पुष्कळशा गोळ्यांनीही पोटॅशियम बाहेर जाते. माझ्या वडिलांच्या शरीरातून ते असे दोन दारांनी जात होते, आणि दोन्ही दारे आम्हीच उघडी ठेवली होती. हृदयविकारासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण पोटॅशियम कमी असताना त्या औषधाची विषारी लक्षणे लवकर दिसतात. आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, पोटॅशियम कमी झाल्यावर आतड्यांची हालचालही मंदावते. म्हणजे जुलाबाने मलावरोध होतो, आणि त्यावर उपाय म्हणून माणूस पुन्हा जुलाब घेतो.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मॅग्नेशियमची रेचके डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच घेऊ नयेत. दुबळे मूत्रपिंड मॅग्नेशियम बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साचून गुंगी येते, रक्तदाब उतरतो, श्वासही मंदावतो. सोडियम फॉस्फेटच्या रेचकांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये असाच इशारा दिला होता: चोवीस तासांत एकाहून अधिक मात्रा घेतल्याने मूत्रपिंडास व हृदयास गंभीर इजा झाल्याच्या, काही प्रसंगी मृत्यू ओढवल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. दुसरे औषधही नव्हे. तेच औषध पुन्हा घेतल्याचा तो परिणाम होता.

गरोदर स्त्रियांना एरंडेल देऊ नये, असे आपल्या आशाताई सांगतात ते योग्यच आहे. त्यामागचे कारण २०१२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून अधिक स्पष्ट केले. एरंडेलातून सुटणारे रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरील ज्या ग्राहीला चेतविते, तीच ग्राही गर्भाशयाच्या स्नायूंवरही असते.

मग दोन रेचके एकत्र कधीच घेऊ नयेत काय? तसे नाही, आणि तसा समज घेऊन कोणी येथून जाऊ नये. कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टर पुष्कळदा आतड्याला चालना देणारे एक आणि पाणी ओढणारे दुसरे, अशी दोन औषधे मुद्दाम देतात, कारण मॉर्फिन आतड्यांची गती रोखते. अशा रुग्णाच्या घरी जाऊन 'दोन-दोन जुलाबाची औषधे कशाला?' असे म्हणत एक बंद करविणे हा उपद्रवच होय. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीपूर्वीही ठरवून अनेक लिटर औषधी पाणी पाजले जाते. येथे दोन औषधे वेगवेगळ्या रीतीने काम करणारी असतात, मात्रा ठरलेली असते आणि कोणीतरी लक्ष ठेवून असतो. फरक औषधांच्या संख्येत नाही, ह्या तीन गोष्टींत आहे. रेचकांनी आतडी कायमची निकामी होतात, ही जुनी धास्तीही योग्य मात्रेतील औषधांच्या बाबतीत आजचे वैद्यक पूर्वीइतकी बाळगत नाही. म्हणून भीती घालणे हा माझा हेतू नाही.

घाईचे मूळ कोठे आहे? माझ्या मते ते 'रोज' ह्या शब्दात आहे. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत कसेही होत असले आणि त्रास नसला, तर ते निरोगीच समजावे. जोराचा जुलाब झाला की मोठे आतडे पूर्ण रिकामे होते. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. ह्या दोन-तीन दिवसांत शौचास न होणे हा मलावरोध नव्हे, ती केवळ भरपाई आहे. परंतु तेवढा धीर न धरता तिसऱ्या दिवशी पुन्हा चूर्ण घेतले जाते आणि हा फेरा कित्येक वर्षे चालतो.

काही प्रसंगी तर एकही रेचक घेऊ नये. पोटात तीव्र दुखत असेल, विशेषतः बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे उजव्या बाजूला खाली सरकले असेल, उलट्या होत असतील, पोट फुगून वारा सरणेही बंद झाले असेल, तर एरंडेलाची बाटली फडताळातच राहू द्यावी. आंत्रपुच्छाला सूज आली असताना जुलाब दिला, तर ते फुटण्याचा धोका वाढतो. पूर्वी मुलाचे पोट दुखले की आजी प्रथम एरंडेल काढी, आणि तोंड वेंगाडणाऱ्या नातवाचे हसू होई. त्या हसण्यावारी नेलेल्या दुखण्यांपैकी एखादे आंत्रपुच्छाचे असे. शाळेत मुलाच्या पोटात असे दुखू लागले तर शिक्षकांनी त्याला घरगुती औषधासाठी घरी पाठवू नये. दवाखान्यात पाठवावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. मळावाटे रक्त जाणे, वजन उतरणे, पन्नाशीनंतर सवयीत अकारण बदल होणे, ह्या तक्रारी रेचकाने झाकून ठेवू नयेत. त्यांची तपासणी व्हायलाच हवी.

जुलाब फार झाले तर जलसंजीवनीचे पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावे. त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, ते घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात नसते. माणूस गळून गेला, घेरी आली, लघवी कमी झाली, तर मात्र पाण्यावर विसंबू नये, दवाखाना गाठावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल, तर प्रथमच डॉक्टरांना विचारावे.

पंचायत सदस्यांशी मला थोडे वेगळे बोलायचे आहे. मलावरोध हा केवळ खाण्यापिण्याचा प्रश्न नाही. गरोदर मातांना शासनाच्या कार्यक्रमातून १८० दिवस लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. पण काही जणींना त्यांनी मलावरोध होतो, मग एक तर गोळ्या गुपचूप उकिरड्यावर जातात, नाहीतर जोडीला एखादे चूर्ण सुरू होते. आशाताईंनी गोळी देताना हे आधीच सांगितले आणि पाणी, भाजी, भाकरी ह्यांबद्दल दोन शब्द जोडले, तर दोन्ही टळेल. तरीही त्रास राहिला तर उपकेंद्रात दाखवावे.

दुसरे, पाणी न पिणाऱ्या स्त्रिया. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून गावोगाव शौचालये उभी राहिली, हे मान्य. पण ऊसतोडीच्या फडावर, बाजाराच्या गावी, आणि जेथे मुलींच्या शौचालयाला पाणी किंवा कडी नाही अशा शाळेत, आजही बाई आणि मुलगी दिवसभर घोटभर पाण्यावर राहते आणि आलेली भावना दाबून ठेवते. भावना पुनःपुन्हा दाबली, की ती येईनाशी होते आणि आत थांबलेला मळ वाळत जातो. ह्या मुलीला चूर्ण देणे म्हणजे कडीचे काम सोनामुखीकडून करून घेणे होय. कडीला फार खर्च येत नाही. ती बसविण्यासाठी ठरावाचीही वाट पाहू नये, असे मी म्हटले तर सभापती रागावणार नाहीत अशी आशा आहे.

माझे वडील आता बरे आहेत. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. सकाळी न्याहारीनंतर पाटावर पाय ठेवून दहा मिनिटे शांतपणे बसावे, असे त्यांना सांगितले. जेवणानंतर मोठे आतडे आपोआप हालचाल करते, त्या वेळेचा उपयोग करून घ्यायचा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, पुरेसे पाणी, आणि औषध एकच, तेही ठरलेल्या मात्रेत. दोन दिवस गेले तरी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे, ह्या अटीवर त्यांनी फार वाद घातला. अद्याप घालतात.

शिबिराच्या निमंत्रणात आम्ही विनंती केली होती की, प्रत्येकाने घरात असतील तेवढी पोटाची औषधे सोबत आणावीत. पिशव्या बऱ्याच दिसत आहेत. चहानंतर वैद्यकीय अधिकारी त्या कोपऱ्यातील टेबलापाशी बसतील. बाटल्या, पुड्या, गोळ्यांची पाकिटे तेथे ओळीने मांडावीत आणि शेजारी रक्तदाब, मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडासाठी घरात कोण कोणते औषध घेते ते कागदावर लिहून ठेवावे. कोणती दोन औषधे एकाच फडताळात नसावीत, ते डॉक्टरसाहेब प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगतील. वडिलांची पिशवी मीही आणली आहे. सुरुवात तिच्यापासून करावी.